काकूंच्या स्पेस कोण खातं?

मागच्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीतल्या काकूंनी फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. मी कोथरूडला राहतो, पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो, त्यामुळे सोसायटीच्या पानावर दरपत्रक चढवण्याचं काम न विचारताच माझ्याकडे आलं. काकूंनी यादी मेलवर पाठवली. डावीकडे पदार्थ, मग मोजून दिलेल्या स्पेस, मग दर. काकूंनी टायपिंगच्या क्लासमध्ये तेवीस वर्षं शिकवलंय, रकाना हलणं त्यांना खपत नाही. मी यादी उचलली, पानावर चिकटवली आणि चहा टाकायला उठलो. चहाला उकळी यायच्या आत फोन.

"अरे, हे काय केलंस? चकली ४८० चिवडा ४०० अनारसे ७२० शंकरपाळे ३६०... शाळेतला पोरगा पाढे म्हणतोय का?"

मी काहीच केलं नव्हतं. फाइल उघडून पाहिली तर काकूंची प्रत्येक स्पेस आणि प्रत्येक एंटर जिथल्या तिथे होता. फक्त ब्राउझर ते दाखवत नव्हता.

खरं तर इथे स्पेस टाकून दाखवायला हवं, पण हा लेख तुम्ही ज्या पडद्यावर वाचताय तोही बहुधा त्या गिळून टाकेल. म्हणून वर्डमध्ये उलट्या पी सारखं चिन्ह असलेलं बटण दाबल्यावर दिसतात तसे ठिपके वापरतो. काकूंनी लिहिलं होतं: चकली·····४८०. ब्राउझरने दाखवलं: चकली·४८०. आणि पुढच्या ओळीतला चिवडा त्याच्याच शेजारी आणून बसवला.

नियम असा आहे. मजकुरात स्पेस, टॅब आणि एंटर यांची सलग रांग लागली, तर ती कितीही लांब असो, तिची एकच स्पेस होते. आधी एंटरच्या अवतीभवतीच्या स्पेस आणि टॅब निघतात, मग त्या एंटरचीच स्पेस होते, उरलेल्या टॅबचीही स्पेस होते, आणि एकामागोमाग आलेल्या स्पेसमधली पहिली तेवढी टिकते. ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी आलेली स्पेस तर पूर्णच जाते. थांब्यावर एक माणूस हात करो की दहा, बस थांबते एकदाच, तसं. (पुण्यात थांबली तर.)

यात एक बारकावा आहे. एखादा शब्द ठळक केला, ठळक भागाच्या बाहेर एक स्पेस सुटली आणि आत, शब्दाच्या आधी, आणखी एक सुटली, तरी ब्राउझर त्या दोन्ही एकाच रांगेत धरतो. मधल्या टॅगची, म्हणजे ठळक करायच्या खुणेची, भिंत त्याला दिसत नाही. बाहेरची आधी आली म्हणून ती राहते, आतली जाते.

काकूंचा प्रश्न सरळ होता: "मी दिलेली स्पेस काढायचा अधिकार त्याला दिला कोणी?"

अधिकार जुना आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं. त्यासाठीची एचटीएमएल ही खुणांची भाषा त्यांनी एसजीएमएल नावाच्या आधीच्या पद्धतीवरून बेतली. या पद्धतीत लेखक सांगतो तो मजकुराचा अर्थ: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ते दिसायचं कसं, हे दाखवणारं यंत्र ठरवतं. वेबच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड नुथ यांनी गणिताची पुस्तकं जुळवण्यासाठी टेक नावाची प्रणाली बनवली, तिचाही हाच खाक्या: स्पेस कितीही द्या, एकच धरणार, परिच्छेद तोडायचा तर मध्ये अख्खी ओळ कोरी सोडा.

त्यामागचं कारण माझ्यासारख्याच्या रोजच्या कामात दिसतं. पानाची फाइल माणसांनाही वाचावी लागते. म्हणून आम्ही एका खोक्याच्या आतलं खोकं थोडं उजवीकडे सरकवून लिहितो, त्याच्या आतलं आणखी थोडं. ओळीआधी आठ, बारा, सोळा स्पेस सहज होतात. त्या सगळ्या पानावर दिसल्या असत्या तर पान चाळणीसारखं झालं असतं. शिवाय फाइलीत मी जिथे एंटर मारला तिथेच ओळ तुटली पाहिजे, असा हट्ट धरला तर तोच परिच्छेद तळहाताएवढ्या फोनवर आणि टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर नीट बसणार कसा? म्हणून ब्राउझरच्या लेखी स्पेसचा अर्थ एवढाच: इथे एक शब्द संपला, आणि गरज पडली तर इथे ओळ तोडायला हरकत नाही.

काकूंच्या लेखी स्पेस म्हणजे अंतर. टाइपरायटरवर खटका दाबला की कॅरेज ठरावीकच सरकतं. पायका मशीनवर इंचाला १० अक्षरं, एलिटवर १२. शीर्षक मधोमध आणायचं तर अक्षरं मोजायची, कागदाच्या रुंदीतून वजा करायची, निम्म्या स्पेस द्यायच्या. टायपिंगच्या शासनमान्य परीक्षा पुण्यातलीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठीला मिनिटाला ३० आणि ४० शब्द हे टप्पे. वेग सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण काकू म्हणतात, पोरं गळायची ती रकान्यांच्या स्टेटमेंटमध्ये. तिथे स्पेस हे मोजमाप होतं आणि त्याला मार्क होते.

छापखान्यात तर स्पेस ही हातात धरायची वस्तू होती. खिळ्यांच्या जमान्यात जुळारी दोन शब्दांमध्ये शिशाचा कोरा तुकडा घालायचा. तो खिळ्यांपेक्षा बुटका असायचा, म्हणून त्याला शाई लागायची नाही. जाड, मध्यम, पातळ, केसाएवढा, असे वेगवेगळ्या रुंदीचे तुकडे असायचे. ओळ दोन्ही कडांना भिडवायची तर जुळारी तेच अदलाबदल करत बसायचा. संगणकावर प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात आजही एम स्पेस, एन स्पेस, थिन स्पेस, हेअर स्पेस अशी वेगवेगळी चिन्हं आहेत, ती त्याच तुकड्यांची नावं. गंमत अशी की ब्राउझरची ती रांग आवळण्याची सवय यांना लागू होत नाही. ती लागू होते फक्त साध्या स्पेसबारवाल्या स्पेसला, टॅबला आणि एंटरला.

आणि त्याही मागे गेलं तर स्पेसच नाही. पेशवे दप्तरातले मोडी कागद पाहिलेत का? आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. आपण स्पेसला गृहीत धरतो, पण ती काय काम करते ते 'नवरात्रास सुरुवात' हे शब्द 'नवरा त्रास सुरुवात' असे टाइप झाल्यावर कळतं. ही माझ्याच सोसायटीच्या ग्रुपवरची गोष्ट आहे. बोलून टाइप केलं होतं म्हणे.

असो, यादीकडे येऊ.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो प्री टॅगचा. त्यात घातलेला मजकूर ब्राउझर आहे तसा दाखवतो, स्पेस आणि एंटरसकट, आणि अक्षरं टाइपरायटरसारखी समान रुंदीची वापरतो. मी काकूंची यादी प्रीमध्ये घातली. ओळी वेगळ्या झाल्या, स्पेस परत आल्या, पण आकडे काही एका रेषेत येईनात. कारण समान रुंदीच्या बहुतेक फॉन्टांमध्ये देवनागरी नसतेच. ब्राउझर मग मराठी अक्षरं दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसनी आणतो, आणि त्यात 'र' अरुंद, 'क्ष' रुंद, तर वेलांटीने स्वतंत्र जागा घेतलेली. 'अनारसे'नंतर चार स्पेस आणि 'चकली'नंतर पाच, हा हिशेब रोमन लिपीत जुळला असता. इंग्रजी ट्यूटोरियल वाचून मराठी पान करणारा इथे हमखास आपटतो. मीही आपटलो.

दुसरा उपाय सीएसएसमधला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांमधला. त्यात व्हाइट-स्पेस नावाचा एक गुण आहे. १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून त्याला तीन किमती होत्या: नॉर्मल, म्हणजे वर सांगितलेली आवळाआवळी, प्री, म्हणजे सगळं जसंच्या तसं, ओळ आपणहून तुटणारच नाही, फोनवर बाहेर गेली तर जाऊ दे, आणि नोरॅप, म्हणजे स्पेस आवळा पण ओळ तोडू नका. यात मधलं काहीतरी हवं होतं, ते पुढे आलं. प्री-रॅप स्पेस आणि एंटर दोन्ही राखतो, पण जागा संपली की ओळ खाली आणतो. प्री-लाइन स्पेस आवळतो पण एंटर मात्र मानतो.

या शेवटच्या प्री-लाइनची ओळख व्हायच्या आधी मी कितीतरी तास घालवलेत. फॉर्ममध्ये पत्त्याची मोठी चौकट असते ना, तिच्यात माणूस शहाण्यासारखा चार ओळींत पत्ता लिहितो: फ्लॅट, इमारत, पेठ, पिन कोड. चौकटीत तो चार ओळींत दिसतोही, कारण तिथे ब्राउझर मुळातच प्री-रॅपसारखा वागतो. सेव्ह केल्यावर डेटाबेसमध्येही चारच ओळी असतात. मग तो पत्ता पावतीवर येतो तेव्हा सलग एका ओळीत, आणि ग्राहक म्हणतो, "तुमच्या सिस्टिमने पत्ता बिघडवला." एंटर तिथेच असतो. साध्या परिच्छेदात टाकला म्हणून त्याची स्पेस झालेली असते. एका शब्दाचा नियम लिहिला की पत्ता पुन्हा चार ओळींचा.

दरम्यान काकूंच्या भाच्याने परस्पर तिसरा उपाय सांगून टाकला होता: एनबीएसपी. ही न तुटणारी स्पेस. साध्या स्पेसचा क्रमांक ३२, हिचा १६०. ब्राउझर हिला आवळत नाही, दहा दिल्या तर दहाच्या दहा दाखवतो. काकू खूश. लॅपटॉपवर यादी चकचकीत. मग कुणीतरी फोनवर उघडली, आणि शंकरपाळ्यांचा दर पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेला. 'शंकरपाळे', बारा न तुटणाऱ्या स्पेस आणि '३६०' हा सगळा ऐवज ब्राउझरला एकच लांबलचक शब्द वाटत होता, आणि तो तोडायला कुठे परवानगीच नव्हती.

हिचं खरं काम वेगळं आहे. 'रु.' एका ओळीच्या शेवटी आणि '४८०' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, हे वाईट दिसतं. 'डॉ.' वर आणि आडनाव खाली, तसंच 'पान ४२'. अशा जोड्यांमध्ये एक, फक्त एक, न तुटणारी स्पेस द्यावी. आपल्याकडे प्रश्नचिन्हाच्या आणि उद्गारचिन्हाच्या आधी स्पेस द्यायची जी खोड आहे तिच्यामुळे ते चिन्ह कधीकधी एकटंच पुढच्या ओळीत जाऊन बसतं. तिथे मात्र न तुटणारी शोधण्यापेक्षा स्पेसच देऊ नये.

ही १६० नंबरची आणखी एका ठिकाणी छळते. ईमेल लिहायच्या चौकटीत किंवा तसल्या कुठल्याही एडिटरमध्ये आपण लागोपाठ दोनदा स्पेस दाबतो आणि दोन दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यातली एक आतल्या आत १६० ची झालेली असते. नाही तर दिसलीच नसती. तिथून मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये नेला की ती सोबत जाते. काकूंच्या ऑर्डरींचं असंच झालं. फ्लॅट नंबरावरून नाव शोधणारं सूत्र बी-४०४ सापडत नाही म्हणायचं, आणि बी-४०४ तर समोर दिसतोय. मी ट्रिम लावलं. ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस काढतं, मधल्या जास्तीच्या आवळतं, पण फक्त ३२ नंबरच्या. १६० तिला स्पेस वाटतच नाही. आधी सबस्टिट्यूट वापरून १६० च्या जागी साधी स्पेस घालायची, मग ट्रिम, मग बी-४०४ सापडतो. शंका आली तर लेन सूत्राने अक्षरं मोजून बघावीत; वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणून बी-४०४ ची सहा व्हायला हवीत, सात भरली तर कुणीतरी लपलेलं आहे.

ॲपमध्ये हा सगळा खेळ बदलतो. अँड्रॉइड किंवा आयफोनच्या ॲपमधलं साधं मजकुराचं खोकं स्पेस आवळत नाही, पाच आल्या तर पाच दाखवतं. म्हणून सर्व्हरवरून आलेलं तेच नाव वेबसाइटवर ठीक आणि ॲपमध्ये मध्येच भगदाड पडल्यासारखं दिसतं. मग ॲपवाले म्हणतात वेबचं बरोबर आहे, वेबवाले म्हणतात आमच्याकडे तर काहीच चुकलेलं नाही, आणि खोट असते मुळात साठवलेल्या डेटात, जी वेबने झाकलेली असते. अँड्रॉइडमध्ये त्यातही एक पाचर आहे: ॲपमधली ठरलेली वाक्यं ज्या एक्सएमएल फाइलीत ठेवतात, तिथे जास्तीच्या स्पेस ॲप बांधतानाच आवळल्या जातात. हव्या असतील तर वाक्य दुहेरी अवतरणात घालावं लागतं.

व्हॉट्सॲपवर शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना तारा देतात. तारा आणि शब्द यांच्यामध्ये स्पेस राहिली तर ठळक होत नाही, नुसत्या तारा दिसतात. आमच्या ग्रुपवरच्या निम्म्या सूचना तशाच चांदण्या पडलेल्या असतात. जॉन ग्रुबर यांच्या २००४ च्या मार्कडाउन या लिहिण्याच्या पद्धतीत तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस दिल्या की ओळ तुटते. न दिसणाऱ्या गोष्टीला अर्थ द्यायचा, हा विचार मला तरी कधी पटला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मुळात लिहायला घेतला तिच्याकडे येतो. साध्या स्पेसमध्ये रुंदीही आहे आणि ओळ तोडायची परवानगीही. १६० मध्ये रुंदी आहे, परवानगी नाही. याच्या बरोबर उलट, शून्य रुंदीची स्पेस असते: काही दिसत नाही, पण इथे ओळ तोडा म्हणते. आणि तिच्या शेजारी युनिकोडने आणखी दोन अदृश्य चिन्हं ठेवली आहेत, जोडणारं आणि न जोडणारं. त्यांना ना रुंदी, ना तोडण्याची परवानगी. ती सांगतात शेजारची अक्षरं एकमेकांना कशी बिलगावीत. यातलं जोडणारं चिन्ह मराठी माणूस नकळत वापरतो.

'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला तो आडवा, पापणीसारखा र. तो संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकतर खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे ते अदृश्य जोडणारं चिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. आता कल्पना करा, एखाद्या प्रोग्रामरने 'मजकूर स्वच्छ करा' म्हणून जास्तीच्या स्पेस काढणारा कोड लिहिला आणि त्याच झाडूने सगळी अदृश्य चिन्हंही लोटली. इंग्रजीत कुणाला पत्ता लागत नाही. मराठीत मात्र साधा र आणि हलन्त एवढंच उरतं, त्याचा रफार होतो, आणि पानावर उमटतं 'दुसर्या', 'तर्हा', 'वार्यावर'. हे तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल आणि लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही म्हणून नाक मुरडलं असेल. कित्येकदा त्याने बरोबरच लिहिलेलं असतं. 'ॲप'मधल्या ॲ ची तीच कथा: २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं चिन्ह आहे, पण जुन्या सवयीने तो अ, अदृश्य जोडणारं आणि चंद्र असाही लिहिला जातो. साध्या शोधात एक टाकलं की दुसरं सापडत नाही.

या भानगडी पुण्याला नव्या नाहीत. १९८८ साली इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या १९९१ च्या इस्की या मानकातही एक अदृश्य व्यंजन ठेवलेलं होतं, कारण काही न दिसणारं अक्षर असल्याशिवाय आपल्या लिपीचं भागत नाही, हे हे काम करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून माझी स्पेस साफ करणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती असते: पुढच्या-मागच्या स्पेस काढा, मधल्या आवळा, १६० ची ३२ करा, पण जोडणाऱ्या चिन्हाला हात लावू नका.

काकूंच्या यादीला शेवटी मी तक्ता केला. पदार्थ एका रकान्यात, दर दुसऱ्यात उजवीकडे टेकवलेले, मध्ये एकही स्पेस नाही. ब्राउझरला आता माहीत होतं की हे रकाने आहेत, त्यामुळे फोनवरही आकडे एकाखाली एक आले. काकूंनी फोन जवळ नेऊन, लांब धरून, आडवा करून तपासलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. टायपिंगच्या परीक्षेत हे त्यांचं डिस्टिंक्शन असावं.

त्या दिवशी समजावताना मी त्यांना वर्डमधले ते ठिपके दाखवले होते, प्रत्येक स्पेसच्या जागी एक. यंदाची यादी परवा आली, आणि तिच्यात स्पेस नव्हत्याच.

चकली..........५००
चिवडा..........४२०
अनारसे.........७६०

खाली एक ओळ होती: "आता खाऊ दे त्याला."